दार उघडेल त्यास विचारावे

आमच्या कार्यालयात मला 'तळटीप' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण भिंतींना कान असतात तसे मलाही आहेत. चौतीस वर्षं मी तक्त्यांच्या खाली बारीक अक्षरात लिहीत आले: अमक्या देशाची माहिती दोन वर्षं जुनी, तमक्या देशात सैनिक धरलेले नाहीत, ढमक्या देशाचा आकडा अंदाजे. वरचे आकडे सगळे वाचतात. खालचं वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय.

दर वर्षी याच दिवसांत आमच्याकडे खंडातल्या एकोणचाळीस देशांचा श्रमशक्तीचा तक्ता येतो. काम करणारे अधिक काम शोधणारे, म्हणजे श्रमशक्ती. मोठ्या देशापासून लहान देशापर्यंत उतरती यादी असते. पहिल्या देशाचा आकडा इतका लांबलचक की त्याच्यासाठी रकाना रुंद करावा लागतो. सगळ्यात खाली एक बेट आहे, त्याची अख्खी श्रमशक्ती आमच्या शहरातल्या स्टेडियममध्ये बसेल आणि वर खुर्च्या उरतील. आम्ही चौदावे. गेली सहा वर्षं चौदावेच. मला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं, पण साहेबांना होतं, कारण शेजारचा देश नववा होता.

"लोकसंख्या जवळपास आपल्याएवढीच," साहेब तक्त्यावर पेन आपटत म्हणाले. "पुरुष कामगारही तेवढेच. मग हे पाच पायऱ्या वर कसे?"

"बायकांमुळे, साहेब. त्यांच्याकडे शंभरातल्या छप्पन्न बायका श्रमशक्तीत धरल्यात. आपल्याकडे एकतीस."

"म्हणजे आपल्या बायका काय हातावर हात ठेवून बसतात?"

सकाळी निघायच्या आधी आईला दोनदा उचललं होतं आणि पाठ अजून ठणकत होती.

"खंडाच्या मुख्य कार्यालयातून विचारणा आलीय," ते म्हणाले. "फरक का पडतो ते लिहून द्या. गुरुवारपर्यंत. आणि बाई, दोनच ओळी. पुराण नको."

मग दोन दिवस मी शेजारच्या देशाची सर्वेक्षणाची पुस्तिका घेऊन बसले. व्याख्या तंतोतंत आमच्याच होत्या. गेल्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास तरी काम केलं असेल तर माणूस कामात. काम नाही, पण गेल्या महिन्यात शोधलं आणि मिळालं तर दोन आठवड्यांत रुजू होता येईल, तो बेकार. दोन्हीपैकी काहीच नाही, तो बाहेर. प्रश्न तेच, क्रमही तोच. मला कळेना की पंचवीस टक्के बायका कुठे सांडल्या. शेवटी अकराव्या पानावर ते वाक्य सापडलं. 'घरातील प्रत्येक व्यक्तीस स्वतः विचारावे. व्यक्ती घरी नसल्यास पुन्हा जावे.'

आमच्या पुस्तिकेत त्या जागी काय आहे ते मला बघायची गरज नव्हती. ते वाक्य मीच लिहिलंय, बावीस वर्षांपूर्वी. तेव्हा माणसं कमी होती, गणक एकाच घरी तीन-तीन हेलपाटे घालून वैतागत होते, आणि मी एका दुपारी त्यांचा प्रश्न चुटकीसरशी सोडवला होता: 'घरातील सर्वांची माहिती, दार उघडेल त्या जाणत्या व्यक्तीस विचारावी.' तेव्हाच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली होती. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू.

म्हणजे आमच्याकडे ज्यानं दार उघडलं तो घरातल्या सगळ्यांचं सांगतो. नवरा बायकोचं, सासू सुनेचं. आणि सांगणारा काय सांगतो, तेही मला पाठ आहे. फॉर्मवर गणक जसंच्या तसं लिहून घेतात. 'काही करत नाही, घरीच असते.'

बुधवारी सकाळी कोडमास्तरांनी माझ्या टेबलावर विसंगतीची यादी ठेवली. कोडमास्तर माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतात. उत्तरांना लावायचे चारशे कोड त्यांना तोंडपाठ आहेत आणि बायकोचा वाढदिवस मात्र लक्षात राहत नाही, असं ते स्वतःच सांगतात. आम्ही प्रत्येक निवडलेल्या घरी तीन-तीन महिन्यांनी पाच वेळा जातो. एकाच माणसाची उत्तरं मध्येच उलटली की तो फॉर्म या यादीत येतो. मग त्या घरी फोन करायचा, खात्री करायची, 'फोन केला' या चौकटीत खूण करायची आणि कोड कायम करायचा.

यादीतलं सातवं घर. तीन बायका. वय चौऱ्याऐंशी, अठ्ठावन्न, एकावन्न. पुरुष नाही. फॉर्मवर नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. पण खाली फोन नंबर दिला होता, आणि त्याचे शेवटचे चार आकडे मी झोपेतही सांगेन.

ते आमचं घर होतं. आम्ही निवडले गेलोय हे मला ठाऊकच होतं. पहिल्या तिन्ही वेळी गणक रविवारी आले होते आणि दार मी उघडलं होतं. धाकटी बहीण आत आईला अंघोळ घालत होती. तिघींची माहिती मीच दिली, घाईघाईत, दूध गॅसवर ठेवून. क्रमांक तीन, वय एकावन्न: घरी असते. काम शोधते का: नाही. मिळालं तर रुजू होऊ शकेल का: नाही. एका उत्तराला एक सेकंदही लागला नव्हता.

चौथ्या वेळी गणक बुधवारी आला होता. माहिती देणारी व्यक्ती: क्रमांक तीन. काम शोधलं का: हो. कसं: थेट अर्ज करून. मिळालं तर दोन आठवड्यांत रुजू होऊ शकाल का: हो. आणि शेऱ्याच्या जागी कुण्या गणकानं लिहिलं होतं, 'उत्तर देताना ठाम.'

मला आधी राग आला. खरं सांगायचं तर खूप राग आला. घरात एक ताट, एक न्हाणीघर, आईचं एक दुखणं, आणि ही बाई मनातलं सांगायला कुणा परक्या गणकाला गाठते! मग लक्षात आलं की त्याने तिला विचारलं होतं. मी विचारलं नव्हतं.

पूर्वी धाकटी चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात तपासनीस होती. हजार भिंगांतला एक ओरखडा तिला दिसायचा. चार वर्षांपूर्वी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती पुन्हा उठली नाही. परक्या हाताला आई तोंड उघडत नाही. कामाला ठेवलेल्या दोन बायका तिने उपाशी राहून घालवल्या. दोघींपैकी एकीला घरी राहणं भाग होतं. त्यावर आमच्यात बोलणं असं झालंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन निघाले आणि ती राहिली. एवढाच काय तो निर्णय.

त्या संध्याकाळी मी घरी गेले तर ती आईच्या पाठीला पावडर लावत होती.

"आज उशीर, ताई?"

"तक्ता आलाय."

"कितवे आपण?"

"चौदावे."

"अजून चौदावेच?" ती हसली. "हलायला तयार नाही बघ आपण. आईसारखे."

"अगं!" आई ओरडली. आई आम्हा दोघींनाही 'अगं' म्हणते, त्यामुळे हाक कुणाला आहे ते कळत नाही आणि दोघी धावतो. ऐकू कमी येतं, पण आपल्याबद्दल बोललेलं बरोबर कळतं. "मला काय म्हणाली ही?"

"काही नाही आई, देशाबद्दल बोलतोय."

मी कपडे बदलायला गेले तर खिडकीत एक ताटली दिसली. ओल्या कापसावर वाटाण्याचे दाणे मांडले होते. दहा ओळी, ओळीत दहा, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. काहींना पांढरे कोंब फुटले होते.

"हे काय?" मी विचारलं.

"शंभर टाकलेत. बघू किती येतात."

"कशाला?"

"असंच."

इथे मी विचारायला हवं होतं. तीही थांबली होती, हातात पावडरचा डबा धरून. मी म्हणाले, "चहा टाकतेस का?" आणि तिने टाकला. मला माहीत होतं की मी काय करतेय. ती 'हो' म्हणाली तर माझी सकाळ जाणार होती, डबा जाणार होता, खिडकीजवळचं माझं टेबल जाणार होतं. दोन वर्षं राहिली होती निवृत्तीला. तेवढी तरी पदरात पडू दे, असं माझं चाललं होतं.

गुरुवारी मी तो फॉर्म काढला आणि दुरुस्त केला. काम शोधते: नाही. उपलब्ध: नाही. तीन वेळा एक उत्तर आणि एकदा दुसरं असेल तर तीनदा आलेलं धरायला आमच्याकडे कुणी हरकत घेत नाही. पेन्सिलीने जुना कोड टाकला आणि फॉर्म गठ्ठ्यात सारला. फक्त 'फोन केला' या चौकटीत खूण करायला हात धजला नाही. का ते सांगता येणार नाही. चोराने जाताना दार लोटून घ्यावं, तशी काहीतरी अर्धवट लाज असेल.

मग दोन ओळी घेऊन साहेबांकडे गेले. मी लिहिलं होतं: 'शेजारच्या देशात प्रत्येक स्त्रीस स्वतः विचारले जाते. आपल्याकडे तिच्याविषयी दुसऱ्यास विचारले जाते.'

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तळटीप बारीक अक्षरात असते म्हणून काहीही लिहायचं?"

"खरं आहे, साहेब."

"खरं असेल हो. पण खंडातल्या अडतीस देशांसमोर आपलीच लाज आपणच वेशीवर टांगायची?" त्यांनी माझ्या ओळी खोडल्या आणि वर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'माहिती संकलनाच्या पद्धती भिन्न असल्याने तुलना करताना काळजी घ्यावी.' मग कागद माझ्याकडे सरकवला. "कसं वाटतं?"

"छान," मी म्हणाले. माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. आणि कुठल्या तोंडाने भांडणार होते?

जागेवर येऊन बसले तर कोडमास्तर फोनवर होते.

"नमस्कार मॅडम, सांख्यिकी कार्यालयातून बोलतोय. तुमच्या घरी आमचा माणूस आला होता ना? नाही नाही, काळजीचं काही नाही. एका उत्तराची खात्री करायची आहे."

त्यांच्यापुढे माझ्या गठ्ठ्यातला फॉर्म होता. सातवं घर. चौकट रिकामी दिसली म्हणून त्यांनी फोन लावला होता. कोडमास्तरांना रिकामी चौकट दिसली की चैन पडत नाही. तिला काही कळवायला आता वेळ नव्हता. मी पेनाचं टोपण घट्ट धरून बसले.

"तुम्ही काम शोधताय असं इथे लिहिलंय. बरोबर? बरं. बी-बियाणं तपासणी केंद्र? अर्ज केलाय... अरे वा, मग झालंच की काम! अभिनंदन." ते लिहीत होते. "मग दोन आठवड्यांत रुजू होऊ शकाल का?"

कोडमास्तर वाट बघत राहिले. मला फोनमधून लांबवर 'अगं' ऐकू आल्यासारखं वाटलं. भासही असेल.

"मॅडम? हो की नाही, एवढंच सांगायचंय." मग त्यांनी भुवया वर केल्या. "तसं उत्तर आमच्याकडे नाही हो, मॅडम. जरा थांबा."

फोनवर हात ठेवून ते माझ्याकडे वळले. बारीकसारीक शंका ते मलाच विचारतात.

"बाई, ही म्हणते, ताईला विचारावं लागेल. याला कोड काय लावू?"

चारशे कोड आहेत आमच्याकडे. भूकंपात घर पडल्यामुळे कामावर न गेलेल्याला वेगळा कोड आहे. माझ्याकडे टेबलाच्या काचेखाली पूर्ण यादी होती आणि मी त्या यादीकडे बघत राहिले, जणू तिथे काही सापडणार होतं. कोडमास्तर फोन धरून होते. तिकडे ती फोन धरून होती, बहुतेक आईला एका हाताने आधार देत. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तो प्रश्न माझ्यापर्यंत आणला होता, आणि तोही शेजारच्या टेबलावरच्या माणसाने, फॉर्म भरायचा म्हणून.

"हो लावा," मी म्हणाले.

"पण ती तर म्हणते ताईला—"

"ताईला विचारलंय, मास्तर. हो लावा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं. अठ्ठावन्न, एकावन्न. मग पेन्सिलीचा कोड खोडला, शाईने नवा लिहिला आणि फोनवर म्हणाले, "ठीक आहे मॅडम. 'हो' लिहितोय. धन्यवाद." चौकटीत खूण केली आणि पुढचा फॉर्म घेतला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. त्याने एक शब्दही विचारला नाही.

मी तीन वाजताच घरी गेले.

"आज लवकर?" धाकटी म्हणाली. तिचे डोळे लाल होते.

"कधी रुजू व्हायचंय तुला?"

ती खुर्चीवर बसलीच. "तुला कुणी सांगितलं?"

"तूच सांगितलंस. सरकारला."

"ते सरकारला होतं."

"सरकार म्हणजे कोण, बाई? मी आणि कोडमास्तर."

ती आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. ते केंद्र बसने वीस मिनिटांवर होतं. शंभर बिया मांडायच्या, आठ दिवसांनी किती उगवल्या ते बघायचं, सशक्त किती, वाकडे किती. नजर हवी, वयाची अट नाही. "तुझंच काम आहे," ती म्हणाली. "फक्त माझ्या बियांच्या वतीने दुसरं कुणी उत्तर देत नाही."

हे मला लागलं. लागावं म्हणूनच ती बोलली असावी, आणि तिचं चुकलं नव्हतं.

"आणि आई?" तिने विचारलं.

"आईला मी बघेन."

"तू? तुला तिला धड कुशीवर वळवता येत नाही. परवा तिचा हात खाली अडकला होता."

"मग शिकव. दोन आठवडे आहेत ना."

तिने शिकवलं. आधी गुडघा दुमडायचा, मग खांदा, मग आपण कमरेत न वाकता पाय मागे घ्यायचा. औषध भरवताना आईशी बोलायचं नाही, नाहीतर ठसका लागतो. मी दोन वर्षं आधी निवृत्ती घेतली. साहेब म्हणाले, "विचार करा, बाई," आणि लगेच सही केली. तक्त्यात काही फरक पडला नाही. एक बाई आत आली, एक बाहेर गेली, आम्ही चौदावेच.

मला नोकरी सोडायची नव्हती. धाकटीला हे मी कधी सांगणार नाही, म्हणून इथे खाली लिहून ठेवते. शेवटच्या दिवशी टेबलाची काच पुसताना मला हुंदका आला, आणि कोडमास्तर उगाचच खिडकी उघडायला गेले.

तीन महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, दारावरची बेल वाजली. पाचवी आणि शेवटची फेरी. गणक तरुण मुलगी होती, उन्हाने लाल झालेली, काखेत माझी पुस्तिका. मी पाणी दिलं. ती घटाघटा प्यायली आणि फॉर्म उघडला.

"क्रमांक तीन, वय एकावन्न. त्या कामावर आहेत का आता?"

"तिचं तिला विचारा. सहानंतर या."

"तुम्ही सांगितलंत तरी चालेल, मावशी. नियमच आहे तसा. दार उघडेल त्याला विचारायचं."

"माहितीये मला तो नियम. सहानंतर या."

तिने सुस्कारा सोडला. बिचारीला परत जिने चढावे लागणार होते. "बरं, मग तुमचं तरी घेते. क्रमांक दोन. गेल्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास तरी काम केलंत?"

गेल्या आठवड्यात मी आईला किती वेळा वळवलं असेल, दर दोन तासांनी एकदा, रात्र धरून. पाठीला पट्टा बांधून उभी होते मी तिच्यासमोर. पण व्याख्या मला तिच्यापेक्षा जास्त पाठ होती.

"नाही."

"काम शोधलंत?"

"नाही."

"मिळालं तर दोन आठवड्यांत रुजू होऊ शकाल?"

आतून आईची हाक आली. "अगं!" आता त्या हाकेला घरात एकच 'अगं' होती.

"नाही," मी म्हणाले.

मुलीने तीन खुणा केल्या आणि शेऱ्याच्या जागी पेन टेकवून वर पाहिलं. "मग काय लिहू, मावशी? सध्या काय करता?"

"लिही," मी वळता वळता म्हणाले, "काही करत नाही. घरीच असते."